नावेवरचा हत्ती

६ जुलै, रविवार

मंडळाची बैठक झाली आणि यंदाच्या गणपतीच्या देखाव्यासाठी झांबिया हा देश निवडला गेला. बारा माणसं तीन तास बसली होती आणि त्यांतल्या एकालाही झांबिया नकाशावर दाखवता आला नसता. कारण काय, तर कार्याध्यक्ष चिंतामणीकाकांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. पुराच्या पाण्यातून चाललेली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची प्रचंड नाव, शंभरेक वल्हेकरी, आणि नावेच्या छतावर भलामोठा काळा हत्ती.

"बघितलात?" काका फोन फिरवत म्हणाले. "आफ्रिकेत! नावेवर! आता सांगा, हा कोण?"

"बाप्पा," बाराजण म्हणाले.

पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाने गेल्या वर्षी थंड हवेची यंत्रं लावून केदारनाथ केलं आणि पहिलं बक्षीस नेलं. तेव्हापासून आमच्याकडे बर्फ हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. म्हणून आफ्रिका. या लोकांच्या लेखी भूगोल दोनच प्रकारचा असतो, गार आणि गरम.

मी दाराशी उभी होते. तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि म्हटलं, "काका, तो बाप्पा नाही. लोझी लोकांच्या राजाची ती नाव आहे आणि हत्ती हे त्याच्या सत्तेचं चिन्ह आहे."

"घ्या, ग्रॅज्युएट बाई बोलल्या." काका हसले, मग सगळे हसले. "मग तूच लिही ना बाय. संशोधन, संहिता, निवेदन, सगळं तुझं. फलकावर नाव टाकतो. बी.ए.सकट."

मी हो म्हटलं. 'बी.ए.सकट' ऐकून म्हटलं असं कुणाला वाटेल, पण तसं नाही. वर्गात पन्नास मुलं बसतात. आमच्या मंडपातून दहा दिवसांत लाखभर माणसं जातील. लालबागच्या लाखभर माणसांना एका देशाबद्दल खरं सांगायची संधी पुन्हा कधी मिळणार? मी ठरवलंय, माझ्या आवाजात एकही शब्द खोटा जाणार नाही.

घरी आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. "झांबिया? माझे डबे जातत ती इनोंगे थयचीच."

आईला सगळे काळे लोक एकाच गावचे वाटतात.

१० जुलै, गुरुवार

चार दिवस वाचनालयात बसले. शाळेच्या पुस्तकात आफ्रिका खंडाला सहा पानं आहेत, त्यांतलं एक पान जिराफाचं.

झांबियाला समुद्र नाही. आठ देशांनी वेढलेलं उंच पठार आहे, त्यामुळे जून-जुलैत सकाळी तिथे स्वेटर लागतो. तांब्याच्या खाणी. सत्तरच्या वर भाषा, कारभार इंग्रजीत. राज्यघटनेत लिहिलंय की हा ख्रिस्ती देश आहे, आणि त्याच वाक्यात लिहिलंय की प्रत्येकाला आपल्या श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. पश्चिमेला झांबेझी नदीचं पूरमैदान. पावसाळ्याच्या शेवटी पाणी चढलं की लोझींचा राजा सखल भागातलं घर सोडतो आणि नावेने उंचावरच्या घराकडे निघतो. या सोहळ्याचं नाव कुओम्बोका, म्हणजे पाण्यातून बाहेर येणं. राजा नावेत चढतो आपल्या पारंपरिक वेशात आणि उतरतो ब्रिटिश आरमाराच्या गणवेशात. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने त्याच्या पूर्वजाला तो भेट दिला होता.

देखाव्याचं सुतारकाम आणि रंगकाम करणाऱ्या भिवामामांना हे सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, भारावले.

"स्वेटरचं जमायचं नाही," ते म्हणाले. "पुतळ्यांना विणायला कोण बसणार? सिंह किती, तेवढं सांग."

आणखी एक. ती इनोंगे खरंच झांबियाची निघाली, तीही लोझी. आईचं बरोबर निघालं याचा मला राग आला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

१३ जुलै, रविवार

आई मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या लोकांना डबे देते. इनोंगे आणि तिचा आजारी भाऊ मुबिता दोन महिने आमच्या मंडपासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतात, आणि मला याची कल्पना नव्हती. त्यांच्या खिडकीतून मंडपाचे बांबू हाताला लागतील.

आज डबा घेऊन मी गेले. सोबत वही. चाळीस प्रश्न काढले होते.

इनोंगे पंचेचाळीसच्या आसपासची. कमरेला नक्षीचं कापड गुंडाळलेलं, त्याला चितेंगे म्हणतात. ती मोंगू नावाच्या गावात शिक्षिका आहे. विषय भूगोल! तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. माझ्या पहिल्या प्रश्नाआधी तिनेच मला विचारलं, "मुंबईतल्या कापडगिरण्या कुठे आहेत? वीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतेय. इथे आल्यापासून एकही दिसली नाही."

मी खिडकीतून मॉल आणि टॉवर दाखवले.

"म्हणजे मी चुकीचं शिकवत होते?"

मी म्हटलं, हो. शिक्षकाने अद्ययावत राहायला हवं. माझे आजोबा त्यातल्याच एका गिरणीत साच्यावर कापड विणत होते, ते सांगितलं नाही. विषय तिचा देश होता.

मुबिता आतल्या खाटेवर होता. खाणीत वीजतंत्री आहे. त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच दोनदा वाजवले. ही लोझी लोकांची अभिवादनाची पद्धत! पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर. लगेच नोंद केली. त्याने ते आडवं पडूनच केलं. आडवं पडून केलेलं चालतं का, हे विचारायचं राहिलं.

त्यांचं मुख्य अन्न बुहोबे, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आई ते करते, हेही मला आजच कळलं. पहिल्या दिवशी तिची पोळीभाजी न खाता परत आली, म्हणून ती स्वतः वर गेली आणि इनोंगेकडून शिकून आली. आता पांढरा मका दळून आणते आणि वरळी कोळीवाड्यातून सुकी मासळी. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी इचारलंस? आणि सांगूचा काय त्यात? आमच्या उकडीसारखाच ता."

सांस्कृतिक देवाणघेवाणीचं यापेक्षा दळभद्री वर्णन मी ऐकलेलं नाही.

२० जुलै, रविवार

आज मंडळात राजाच्या कपड्यांवरून दोन तास.

"साहेबाच्या कपड्यातला राजा?" चिंतामणीकाका म्हणाले. "लोक म्हणतील, फॅन्सी ड्रेस लावलाय. वाघाचं कातडं गुंडाळा त्याला."

"आफ्रिकेत वाघ नसतो, काका."

"मग बिबट्याचं गुंडाळा. तू पण ना, प्रत्येक गोष्टीत आडवी."

"पण तो खरंच गणवेश घालतो. तेच तर त्यातलं विशेष आहे."

"अगं, खरा राजा इथे तक्रार करायला येणार आहे का?"

त्यानंतर वीस कार्यकर्ते अंगाला काळा रंग फासून वल्ही मारणार, अशी टूम निघाली. मी उभी राहिले. माणसाच्या कातडीचा रंग हा सोंगाचा विषय नाही, यावर पाच मिनिटं बोलले. आवाज चढला होता. कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. एकजण वडापाव मोजत होता. शेवटी भिवामामा म्हणाले, "रंग घामाने उतरतो. तासाभरात सगळे चट्ट्यापट्ट्यांचे दिसतील. पुतळेच करू." लगेच ठराव झाला.

माझ्या तत्त्वाचा विजय घामामुळे झाला. तरीही विजय. गणवेशाचाही झाला, कारण गेल्या वर्षीच्या 'आरमार' देखाव्यातले सोनेरी खांदपट्टे भिवामामांकडे पडून होते.

२ ऑगस्ट, शनिवार

संहिता पूर्ण. चिंतामणीकाकांनी वाचली आणि स्वतःच्या हाताने शेवटी एक परिच्छेद घातला. जसाच्या तसा उतरवून ठेवते, पुढच्या पिढ्यांनी हसावं म्हणून:

"भक्तहो, सातासमुद्रापार झांबियाच्या राजनौकेवर साक्षात गजानन विराजमान आहे. तेथील बांधव त्याला वेगळ्या नावाने हाक मारतात, पण पूर ओसरवणारा तो विघ्नहर्ता एकच."

मी म्हटलं, हे धडधडीत खोटं आहे.

"खोटं कसं? हत्ती आहे की नाही? नावेवर आहे की नाही? पुरातून तारतो की नाही?"

"ते ख्रिस्ती आहेत, काका."

"असतील ना. तिकडे गिरगावात ख्रिस्ती घरात मोदक खातात. त्याने काय होतं?"

"हा परिच्छेद राहिला तर माझं नाव काढा. आणि निवेदनही दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत वाचणारं फुकटात दुसरं कुणी नाही. काकांनी पेनाने परिच्छेद खोडला. तो खोडताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मीच मूर्तीला धक्का लावला.

"एक लक्षात ठेव, बाय," ते म्हणाले. "माहिती ऐकायला कुणी थांबत नाही. चाळीस वर्षं देखावे करतोय मी. माणूस थांबतो ते एक तर हात जोडायला, नाही तर डोळे पुसायला. तुझ्या त्या तांब्याच्या खाणीवर कोण रडणार?"

राग आला. पण संहिता परत वाचली, तर खरंच कोरडी आहे. धर्माचा भाग फारच. जन्म, लग्न आहे. मृत्यूबद्दल काहीच नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखीपौर्णिमा. आई सकाळीच इनोंगेला राखी देऊन आली, भावाला बांध म्हणून. या बायकांना जिथे तिथे नाती गुंडाळायची हौस.

दुपारी मी गेले. आजचा दिवस फार फलदायी झाला.

मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे माणूस गेला की काय करतात? म्हणजे सविस्तर, क्रमाने."

इनोंगे उठली, आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, बहुधा वाऱ्यामुळे, आणि मला बाहेर गॅलरीत घेऊन आली. तिथे हळू आवाजात सांगितलं. घर माणसांनी भरतं. बायका आत जमिनीवर झोपतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. कित्येक दिवस. कुणी कुणाला एकटं सोडत नाही. आणि बायका गातात, पहाटेपर्यंत गातात.

"काय गातात?"

"भजनं. लोझीतली, चर्चची."

"एखादं म्हणून दाखवाल? रेकॉर्ड करते."

"तुझ्या अभ्यासासाठी का?"

मी हो म्हटलं. अभ्यासच आहे हा.

ती कठड्याला टेकून गायली. एकच कडवं, अगदी हळू. गाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आपल्या परंपरेशी या लोकांचं नातं किती घट्ट आहे! आमच्याकडे आरतीसुद्धा फोन बघत म्हणतात.

शेवटी म्हणाली, "तू पुढे शिक्षिका होणार का?" मी म्हटलं, बघू.

निघताना मला सुचलं. कुठलंही खोटं न घालता डोळे पुसायला लावणारी गोष्ट माझ्या फोनमध्ये आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आवाज आणि दिवे हितेंद्र बघतो. त्याच्या स्टुडिओत, म्हणजे भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत, आज निवेदन झालं. नाव पाण्यात हलते, वल्ही वर-खाली होतात, राजा बाहेर येतो, सगळं निवेदनाच्या तालावर बांधलंय. एक खेळ बारा मिनिटांचा. शेवटी सगळे दिवे मंद होतात, एकट्या हत्तीवर प्रकाश राहतो आणि अठ्ठेचाळीस सेकंद इनोंगेचा आवाज.

चिंतामणीकाकांनी डोळे मिटून ऐकलं. "हे कुठलं?"

"तिथलं अंत्यसंस्काराचं गाणं."

"गणपतीत?" त्यांनी थोडा विचार केला. "शब्द कुणाला कळणार आहेत? सूर चांगला आहे. राहू दे." आणि खरोखर चष्मा काढून डोळे पुसले. अज्ञानाचाही काही वेळा उपयोग होतो.

घरी आले तर आई एका डब्याऐवजी बरणी भरत होती. इनोंगेकडे जाणाऱ्या दोन डब्यांतला एक बंद झालाय, त्याऐवजी भाताची पातळ पेज जाते. का, विचारलं.

"तुझ्या वहीत नाय बसूचा ता," ती म्हणाली.

हल्ली आईला टोमणे मारायची सवय लागली आहे. मुलगी शिकली की असं होतं, मी वाचलंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

चतुर्थी. संध्याकाळी देखावा खुला झाला. फलकावर ठळक अक्षरांत: संशोधन, संहिता व निवेदन: अनुजा परुळेकर, बी.ए. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून सात खेळ पाहिले. गाण्याच्या वेळी प्रत्येक खेळाला गर्दी गप्प होते. लालबागमध्ये, गणपतीत, गप्प! एक म्हातारी मला म्हणाली, "कोण गो गाता ती? डोळ्यांक पाणी इला." तिला झांबिया म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

पलीकडच्या गल्लीने यंदा मेट्रोचा बोगदा केलाय. त्यावर कोण रडणार?

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेदहाला आई डबा देऊन आली आणि रिकामी पिशवी तिने माझ्या समोर आदळली.

"ता गाणा कोणी लावल्यान?"

मी म्हटलं, "मी. का? लोकांना किती आवडलंय."

"लोकांका!" तिचा आवाज फाटला. "गो, डॉक्टरांनी हात वर केलेत. तेका महिनो झालो. इनोंगेन भावाक सांगल्यान हा, रगात वाढला की घराक जाऊचा. तेच्या समोर ती डोळ्यांक पाणी काढणा नाय. आणि तू तेच्या मरणाचा गाणा, तिच्याच आवाजात, तेच्या खिडकीखाली लावलंस? दर बारा मिनिटांनी?"

मी म्हटलं, "मला कुठे माहीत होतं?"

"दीड महिनो वर जातंस."

मी लगेच वर गेले. इनोंगेने दार अर्धंच उघडलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मी खिडकी लावली. ऐकू येतंच. त्याने विचारलं, हे कोण गातंय. मी सांगितलं, मोठ्या स्पीकरवर सगळे आवाज सारखेच वाटतात. मी ते तुझ्या अभ्यासासाठी दिलं होतं."

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत हा शब्द फारच छोटा आहे. मराठीत तर आम्ही तोही तिथूनच घेतला.

खाली लगेच गाणं सुरू झालं. तिने दार लावलं.

वहीतलं ९ ऑगस्टचं पान परत वाचलं. दार 'बहुधा वाऱ्यामुळे' ओढलं म्हणे. असली बी.ए. मूर्ख मी दुसरी पाहिलेली नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दिवसभर चिंतामणीकाका सापडले नाहीत. मंत्री, नट, पाहुणे. आज सकाळी मंडपामागे गाठलं आणि सगळं सांगितलं. वरचा माणूस मरणाला टेकलाय आणि हे त्याच्या मरणाचं गाणं आहे.

माझी खात्री होती की ते उडवून लावतील. त्यांनी तसं केलं नाही. वर खिडकीकडे बघितलं, मूर्तीकडे वळून कान पकडले आणि म्हणाले, "आधी सांगायचं ना, बाय. काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

हितेंद्र म्हणाला, "काढलं तर ती अठ्ठेचाळीस सेकंद मोकळी पडणार. अंधारात हत्ती, बाहेर दीड हजार माणसं, आवाज नाही. लोकांना वाटेल बिघाड झाला. ढकलाढकली होईल. आणि खेळ आखूड करायचा तर दिवे, मोटर सगळं परत बांधायला लागेल. दोन दिवस देखावा बंद."

"बंद नाही व्हायचा," काका म्हणाले. "भर गणपतीत? उद्या परीक्षक येणार आहेत."

मी म्हटलं, "तिथे मी दुसरं काही वाचते. झांबेझीवरच्या धबधब्याचं लिहिते."

"एकट्या हत्तीवर प्रकाश आणि तू धबधब्याचं सांगणार?" त्यांनी खिशातून आपल्या परिच्छेदाचा घडी केलेला कागद काढला. महिनाभर तो तिथेच असणार. घामाने मऊ पडला होता. "तू म्हणालीस म्हणून मी माझं खोडलं होतं. आता तू तुझं खोड. हे तिन्ही भाषांत धरून बरोबर पंचेचाळीस सेकंदांत बसतं, मी घड्याळ लावून वाचलंय."

"काका, हे खोटं आहे."

"असेल. पण याने वरच्या माणसाला काही होणार नाही. तुझ्या खऱ्याने झालं."

वर दर बारा मिनिटांनी काय चाललं असेल, तेच डोक्यात होतं. मी कागद घेतला.

भांड्यांच्या दुकानामागे बसून वाचलं. भक्तहो, सातासमुद्रापार. साक्षात गजानन. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. ज्या देशाला समुद्रच नाही त्याच्यासाठी सात समुद्र.

"एका टेकमध्ये!" हितेंद्र खूश झाला. "बाकीचं वाचताना किती अडखळत होतीस. हे एकदम मनापासून आलं."

फलकावरून माझं नाव काढा, असं काकांना म्हटलं. म्हणाले, फलक रंगवून झालाय, आता विसर्जनानंतर.

दुपारपासून गर्दी गाण्याच्या जागी हात जोडते. काही जण डोळेही पुसतात. काकांना चाळीस वर्षांत जे कळलं ते मला विद्यापीठाने शिकवलं नाही, आणि तो दोष मी विद्यापीठाला देऊ शकत नाही याचाच जास्त संताप येतो.

१ सप्टेंबर, सोमवार

घरी गौरी. आईचे हात ओवशाची सुपं भरण्यात अडकलेले, म्हणून पेज घेऊन मला पाठवलं. चार दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य: "गरम हा, सांभाळून जा."

इनोंगे औषधं आणायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं. मुबिता खिडकीकडे तोंड करून पडला होता. जुलैत पाहिलेला माणूस आणि हा एकच, हे चादरीखालच्या उंचीवरूनच कळत होतं. मी पेज ठेवून निघणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गाणं का बंद केलं?"

"कुठलं गाणं?" मी म्हटलं. शरम नावाची गोष्ट अशी एका रात्रीत येत नाही.

"माझी बहीण. दोन दिवस खालून गात होती." तो एकेक शब्द श्वासाला लावून बोलत होता. "घरी असतो तर शंभर बायका गायल्या असत्या. इथे ती एकटी. तीही माझ्यापासून लपून, गॅलरीत. स्पीकरवर छान मोठं ऐकू येत होतं."

मी खाटेच्या कडेला बसले. बसायची परवानगी मागायचं सुचलं नाही.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल," मी म्हटलं.

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

खाली खेळ शेवटाला आला होता. माझा आवाज वर येत होता, आधी मराठीत. तो ऐकत राहिला.

"ही तू ना? गाण्याच्या जागी आता काय सांगतेस?"

मी सांगितलं. तुमच्या राजाच्या नावेवर आमचा देव बसलाय, असं सांगते.

तो हसायला लागला. हसता हसता खोकला. मी त्याला धरून पाणी पाजलं. त्याच्या पाठीची हाडं हाताला लागली.

"आणि लोक मानतात?"

"हात जोडतात."

"तुझा आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "सरळ. इनोंगे असंच बोलते. रोज सकाळी सांगते, पुढच्या महिन्यात आपण घरी जाणार. वर्गात शिकवते तसं. मी हो म्हणतो. मला ठाऊक आहे हे तिला सांगू नकोस. तिला ते फार कष्टाने जमलंय."

मी त्याला म्हणणार होते की हे बरोबर नाही, तुम्ही दोघांनी एकमेकांशी खरं बोलायला हवं. वाक्य इंग्रजीत तयारही होतं. जिन्यात चपला वाजल्या आणि इनोंगे आत आली. मला खाटेवर बसलेलं पाहून ती उंबऱ्यातच थांबली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या.

"काय बोलत होतात दोघं?"

"हवामान," मी म्हटलं.

"मोंगूत आता उकडायला लागलं असेल," मुबिता म्हणाला.

हे खरं आहे. सप्टेंबरात तिथे कोरडा उन्हाळा सुरू होतो.